टाकी भरल्याचा दिवा

फोन आला तेव्हा मी नुकतीच पाण्याची मोटर लावली होती. हॉस्पिटलमधून ह्यांचा आवाज... "अण्णा गेले गं." मी होते तिथंच स्टुलावर बसले. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातला तो एवढासा दिवा लागला आणि लागूनच राहिला. मोटर बंद करायचं मला सुचलंच नाही.

अण्णा म्हणजे माझे सासरे. चंबळेवरच्या जुन्या दगडी धरणाच्या वीजघरात जन्मभर नोकरी करून ते ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या ह्या घरी परतले. नव्या सुनेला लोक कुलदैवताला नेतात. अण्णांनी मला धरणावर नेलं! भिंतीवर उभं करून म्हणाले, "बघ सूनबाई, पाणी तेच, पण दोनदा राबतं. आधी दिवे लावतं, मग कालव्यानं थेट आपल्या मुरैना-भिंडच्या शेतांत जातं." उन्हानं माझं डोकं उठलं होतं. मी मान डोलावली, झालं.

रिटायर झाल्यावर हा माणूस स्वस्थ बसेल तर शपथ! गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली की ते पाणी पाइपानं खाली येई, पत्र्याच्या पात्यांचं चाक फिरवी आणि पुढं मेथीच्या वाफ्यात जाई. चाकाला सायकलचा डायनामो, त्यावर स्वयंपाकघरात हा दिवा. दिवा लागला की मोटर बंद करायची, असा नियम त्यांचाच. पण स्वतः मात्र खुर्चीत बसून दिव्याकडे बघत राहायचे. मी ओरडायची, "अण्णा, मोटर!" की हात वर करून म्हणायचे, "थांब गं, वीज तयार होतेय."

"अहो, मोटर ढीगभर वीज खाते आणि तुम्ही चिमूटभर तयार करता!"

"चिमूटभर का होईना, आपल्या घरची आहे." आणि मिशीत हसायचे. आपोआप बंद होणारं यंत्र बसवा म्हणून मी ह्यांच्यामागं कित्येक वर्षं भुणभुण लावली होती.

तेराव्यानंतर ह्यांनी ते आणलंच. प्लंबर शिडीवरून म्हणाला, "भाभीजी, अब टंकी कभी ओवरफ्लो नहीं होगी. ये पुराना पाइप निकाल दूँ?" तेव्हा कुठं मला उमगलं... टाकी वाहणारच नाही, म्हणजे दिवाही लागणार नाही.

"हाथ लगा के तो देखो!" मी अशी ओरडले की बिचारा पडता पडता वाचला. यंत्र डब्यात परत गेलं, आणि मी त्या दिवशी पोटभर रडले.

आता नळाला पाणी आलं की मी मोटर लावते आणि अण्णांच्या खुर्चीत बसते. मेथी छान तरारली आहे. दिवा लागतो. आतून हे ओरडतात, "अगं, मोटर!"

"थांबा हो," मी म्हणते, "वीज तयार होतेय."