उशिराचं मिनिट

रोज सकाळी पावणेसातला ती चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहायची आणि अख्ख्या गल्लीला नापास करायची. दूधवाल्याने सायकल भिंतीला टेकवली की मनगटाकडे बघून ओठांतल्या ओठांत म्हणायची, "चार." शाळेची बस वळणावर आली की, "सहा." समोरचे वकील शर्टाचं एक टोक बाहेर ठेवून धावत निघायचे. त्यांना ती आकडासुद्धा द्यायची नाही, नुसती मान हलवायची. हे कुणाला ऐकू जात नसे. गेलं असतं तरी तिला त्याचं काही वाटलं नसतं.

बसच्या डेपोत ती एकतीस वर्षं टाइमकीपर होती. फाटकाजवळ कपाटाएवढी काचेची खोली, आत एक टेबल, एक खुर्ची आणि ती. बाहेर जाणाऱ्या आणि आत येणाऱ्या प्रत्येक बसची वेळ तिच्या हातून कागदावर उतरायची. ड्रायव्हर तिला काटा म्हणत. घड्याळाचा की बाभळीचा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. एकदा एका ड्रायव्हरची बायको अडली होती, म्हणून तो अकरा मिनिटं उशिरा आला. हिने अकरा मिनिटं लिहिली. मग अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि संध्याकाळपर्यंत दवाखान्यात त्या बाईच्या उशाशी बसून राहिली. डेपोत लोक वर्षभर पहिली गोष्ट सांगत राहिले. दुसरी कुणी सांगितली नाही, तिनेही नाही.

तिच्या आयुष्यात हवीहवीशी वाटलेली वस्तू एकच, वडिलांची गाडी. गडद हिरवी, गोल दिव्यांची, दार लावलं की पेटी मिटल्यासारखा आवाज करणारी. सतराव्या वर्षी वडिलांनी तिला त्याच गाडीवर शिकवलं. क्लच कसा सोडायचा ते सांगताना ते म्हणत, झोपलेल्या बाळाखालून हात काढतो ना, तसा. इंजिन कुठे खोकतं, कशाने रुसतं, हे तिला भावापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण भाऊ दातांचा डॉक्टर झाला आणि वडिलांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. मुलीला गाडी कशाला, ती तर रोज बसमध्येच असते, असं म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर हसले. ती हसली नाही.

भावाने गाडी तीस वर्षं सांभाळली, म्हणजे झाकून ठेवली. मग पन्नाशीत त्याला छंदाची हुक्की आली आणि तो जुन्या गाड्यांच्या मंडळात शिरला. या मंडळींबद्दल तिचं मत एका वाक्यात होतं: यांना गाड्या नकोत, गाडीशेजारी उभं राहायला हवंय. मंडळाचे अध्यक्ष तर त्यातले महामेरू. त्यांनी बंगल्याच्या अंगणात काचेचं दालन बांधलं होतं आणि त्यात अकरा गाड्या ठेवल्या होत्या. एकीच्याही टाकीत पेट्रोल नव्हतं. बारावी म्हणून त्यांना हिरवी गाडी हवी होती. भावाला अध्यक्षांच्या शेजारची खुर्ची हवी होती. आता यात गाडीचं मत कोण विचारणार?

एका रविवारी तो हे सांगायला बहिणीच्या घरी आला. गाडी आता थकली, चालण्याजोगी राहिली नाही, काचेत निदान मान तरी मिळेल, असं बरंच गुळमुळीत बोलला. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, चालण्याजोगी राहिली नाही हे कुणी ठरवलं?

मंडळाची वार्षिक परीक्षा महिन्यावर आली होती. पत्रकावर तिला रिलायबिलिटी ट्रायल म्हटलं होतं. जुनी गाडी भरवशाची आहे की नुसतीच देखणी, हे तपासायचं. दोनशे किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता चिखलाच्या गाडीवाटांचा. वाटेत वेळेचे सात नाके. प्रत्येक नाक्यावर ठरलेल्या मिनिटाला हजर व्हायचं. उशीर झाला तर मिनिटामागे एक दंडगुण, लवकर पोचलं तर दोन. शिवाय एक चिखलाचा चढ, तो मध्ये न थांबता चढायचा.

"एकही दंडगुण न घेता गाडी शेवटाला आली तर ती माझी," ती म्हणाली. "आला एक जरी, तर घाल तुझ्या अध्यक्षांच्या काचेत."

भाऊ हसला. मंडळाच्या इतिहासात कोरी पाटी घेऊन कुणी परत आलं नव्हतं, त्यामुळे कबूल करायला त्याच्या बापाचं काय जात होतं? शिवाय त्याला शेजारी बसणारं कुणीतरी हवंच होतं. नेहमीच्या मित्राने चिखलाचं नाव ऐकताच कंबर धरली होती आणि वहिनीला गाडीत मळमळायचं. "वन्सं, तुम्हीच जा," वहिनी म्हणाली, "म्हणजे निदान एक तरी माणूस शुद्धीवर असेल."

परीक्षेच्या दिवशी सकाळी मैदानावर जे जमलं होतं ते बघून काटाबाईंना आपल्या डेपोतल्या धुण्याच्या हौदाची आठवण झाली. तिथे निदान बसगाड्या धुतल्यावर मळायला बाहेर पडत. इथे पांढऱ्या टोप्या, कातडी हातमोजे, गळ्यात स्टॉपवॉच. एकजण मऊ फडक्याने चाकाची तार न् तार पुसत होता, तासाभरात ती कशात बुडणार हे ठाऊक असून. भावानेही कसर ठेवली नव्हती. आदल्या आठवड्यात त्याने इंजिनाची खोली रंगाऱ्याकडून आतून-बाहेरून रंगवून घेतली होती. बॉनेट उघडून तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता. अध्यक्ष वाकून म्हणाले, यात तर तोंड दिसतं. काटाबाईंनी वाकून बघितलं, आणि खरंच, त्यात अध्यक्षांचं तोंड दिसत होतं.

पहिल्या नाक्याच्या अलीकडेच दोघांची जुंपली. रस्ता कोरडा होता आणि भावाने गाडी अशी हाकली होती की नाक्याची पिवळी पाटी दिसली तेव्हा हातात पाच मिनिटं शिल्लक होती. तिने गाडी कडेला घ्यायला लावली. मागून येणाऱ्या गाड्या एकामागून एक हॉर्न वाजवत पुढे गेल्या; एकाने काच खाली करून काकी, ढकलू का, असंही विचारलं. भाऊ लाजेने स्टिअरिंगमध्ये तोंड खुपसून बसला. ती शांतपणे बाहेर बघत होती. पाचवं मिनिट संपता संपता तिने चल म्हटलं. नाक्यावर पोचले तेव्हा पुढे गेलेले सगळे वीर आपापल्या कार्डावरचे दंडगुण मोजत उभे होते. जगात उशीर करणारे मूर्ख असतात हे तिला माहीत होतं. लवकर पोचून स्वतःला शहाणे समजणारे मूर्ख तिने एवढ्या संख्येने प्रथमच पाहिले.

तीन नाके असे गेले. मग डांबर संपलं. दोन दिवसांच्या पावसाने शेतामधल्या वाटा मळलेल्या कणकेसारख्या झाल्या होत्या. चाकांच्या दोन चऱ्या, त्यांत पाणी, पाण्यात आभाळाच्या दोन लांबच लांब पट्ट्या. गाडी त्या पट्ट्या मोडत चालली. चिखल उडून काचेवर, टपावर, भावाच्या पांढऱ्या टोपीवर बसू लागला. तिने खिडकी उघडी ठेवली होती. ओल्या मातीचा आणि तापलेल्या इंजिनाचा वास एकत्र आला तशी ती पत्रकातला नकाशा मांडीवर ठेवून खिडकीबाहेर डोकावली.

चढाच्या पायथ्याशी चार गाड्या रुतून पडल्या होत्या. त्यांचे मालक गुडघाभर चिखलात उभे राहून एकमेकांना सल्ले देत होते. नाचता येईना त्याला अंगण वाकडं, तशी प्रत्येकाची माती वाईट होती. भावाने अ‍ॅक्सिलरेटर दाबायला पाय उचलला तोच तिने हात धरला.

"तू उतर. मागे बस."

"ताई, चालवायचं मी आहे."

"तुझं वजन किती?"

त्याने सांगितलं.

"मग मागेच शोभतोस. मागच्या चाकांना वजन हवंय. गाडी अडली की उड्या मार."

नियमात जागा बदलायला मनाई नव्हती. ती स्टिअरिंगमागे बसली. क्लच तिने जसा सोडला तसा गेल्या तीस वर्षांत त्या गाडीचा कुणी सोडला नव्हता. गाडी चढाला लागली. घाई नाही, ओरडा नाही, एका लयीत. मध्यावर मागचं चाक भिरभिरलं आणि तिने नुसतं "हं" म्हटलं. गावातला प्रतिष्ठित दंतवैद्य, ज्याच्यापुढे माणसं आ वासून गप्प बसत, तो मागच्या सीटवर दोन्ही हातांनी टप धरून बेडकासारखा उड्या मारू लागला. चाकाने पकड घेतली. रुतलेल्या गाड्यांचे मालक तोंड उघडं ठेवून बघत राहिले. वर पोचल्यावर भावाने घाम पुसला आणि स्टिअरिंग परत मागितलं नाही.

सहावा नाका पार होईपर्यंत कार्ड कोरं होतं. सहाव्यावर अर्ध्या तासाची सक्तीची विश्रांती. इंजिन बंद करायचं. ती संपल्यावर तिने किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्.

लगेच पाच पांढऱ्या टोप्या जमा झाल्या. एकाला पेट्रोलमध्ये पाणी दिसलं, दुसऱ्याला कार्बोरेटर चोंदलेला, तिसऱ्याने बॅटरी विकत घ्यायचं दुकान सुचवलं. काटाबाईंनी सगळ्यांना बाजूला केलं. समोरचे दिवे लावले आणि भावाला किल्ली फिरवायला सांगितलं. टक् झालं तसे दिवे काजव्यासारखे बारीक झाले. वडील सांगायचे, बॅटरीची वीज जाते तारेतून पण परत येते गाडीच्या अंगातून. ते अंग उघडं लागतं. तिने बॅटरीपासून निघालेली जाड पट्टी बोटाने शोधत नेली. ती जिथे सांगाड्याला बोल्टने आवळली होती तिथे चकचकीत हिरवा रंग होता. रंगाऱ्याने पट्टी काढून लोखंड रंगवलं होतं, आणि वरून पट्टी परत आवळली होती. रंगातून वीज कशी जाणार? सकाळपासून बोल्टच्या आट्यांवर कसंबसं निभावलं होतं, चिखलातल्या हादऱ्यांनी तेही गेलं.

"यात तोंड मात्र दिसतं," ती म्हणाली.

भावाने खिशातून दातांवरचा थर खरवडायचं हत्यार काढलं. तो ते कार्बोरेटर साफ करायला बरोबर ठेवत असे. चिखलात गुडघे टेकून त्याने लोखंड उघडं होईपर्यंत रंग खरवडला. इतक्या मन लावून त्याने कुणाचा दात तरी साफ केला असेल का, असं तिच्या मनात आलं. पण ते तिने मनातच ठेवलं. गाडी सुरू झाली तेव्हा नऊ मिनिटं गेली होती.

शेवटचे बावीस किलोमीटर तिने चालवले. भाऊ घड्याळ वाचत होता आणि ती रस्ता. खड्डे चुकवत, वळणावर ब्रेकला पाय न लावता, मोकळ्या जागी सोडून देत तिने एकेक मिनिट परत मिळवलं. आठ मिळाली. नववं मिळालं नाही.

शेवटच्या नाक्यावर ताडपत्रीखाली मंडळाचे एक वयस्कर सभासद टेबल मांडून बसले होते. गाडी पाटीला लागली त्या क्षणी ते थर्मासचं झाकण उघडत होते. घड्याळाकडे त्यांनी पाहिलंच नाही. चिखलाने माखलेली गाडी आणि कोरं कार्ड बघून त्यांचा चेहरा उजळला. गाडीची ठरलेली वेळ होती पाच वाजून एकेचाळीस.

"एकेचाळीसच ना? लिहितो मी."

पेन कार्डावर टेकलं होतं. तिने फक्त गप्प राहायचं होतं. शेजारी भाऊ जोरजोरात होकाराची मान डोलावत होता. त्या क्षणी त्याला अध्यक्षांच्या शेजारची खुर्ची आठवत नव्हती, हे तिला स्वच्छ दिसलं. हात अजून स्टिअरिंगवर होते आणि इंजिन त्यांच्याखाली सावकाश धडधडत होतं.

"बेचाळीस," ती म्हणाली.

"अहो बाई, एका मिनिटाने काय होतंय?"

"एक दंडगुण होतो. लिहा."

त्यांनी लिहिलं. पाटीच्या पुढे गेल्यावर तिने गाडी बंद केली.

"ताई, तुला गाडी हवी होती ना?"

"हवी होती."

"मग?"

"मग काय? आपण उशिरा आलो."

त्या दिवशी अध्यक्षांनी भाषणात तिच्या प्रामाणिकपणाचं फार कौतुक केलं. ते स्वतः दुसऱ्या एका सभासदाच्या गाडीतून चार नाक्यांवर मिळून एकतीस मिनिटं लवकर पोचले होते. भाऊ पुढचा आठवडाभर फोन करत होता की राहू दे, बोलण्यात काय असतं, गाडी तूच ठेव. तिने त्याला सुनावलं की शब्द दिला तो दिला, आता चिखलात रुतून बसू नकोस. अध्यक्षांच्या बंगल्यावर गाडी तिनेच चालवत नेली. काचेच्या दालनात नोकर चाकांना काळं पॉलिश लावायला पुढे झाला तशी ती वळली आणि बसच्या थांब्याकडे चालू लागली. बारावी गाडी बघायला या ना कधी, असं अध्यक्ष मागून म्हणत राहिले. ती कधी गेली नाही. मंडळाने तिला मुख्य वेळनियंत्रक करायचं ठरवलं, तेव्हा तिने उलट टपाली कळवलं की तुमच्यात वेळ पाळणारं कुणी आधी तयार करा, मग नियंत्रक शोधा.

भावाने मंडळ सोडलं. कारण विचारलं तर पाठदुखी सांगायचा. दर रविवारी तो आणि वहिनी तिच्याकडे जेवायला येऊ लागले, जे तीस वर्षांत कधी झालं नव्हतं. गाडीचा विषय निघत नसे. तो तिच्या कवळीला नावं ठेवायचा, ती त्याच्या पोटाला. वहिनी दोघांना म्हणायची, शाळेत घाला यांना. असे दीडेक वर्ष रविवार गेले.

शेवटच्या रविवारी जेवणं झाल्यावर तिला जरा जड वाटलं. ती आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली. चार वाजता भाऊ उठवायला गेला तेव्हा ती उठली नाही. वहिनी पुढे कितीतरी दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती की काही म्हणजे काही बोलल्या नाहीत हो. मी नळ सोडला तेवढा त्यांनी आतून ऐकला आणि म्हणाल्या, "वहिनी, राहू देत ती भांडी, मी उठले की घासते."