मी रचलेला माणूस

भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं मी कधीच काही मानलं नाही. आमचं घर बौद्ध, वडील शाळामास्तर. पटल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हीच शिकवण. आजही मानत नाही. म्हणून तर हे लिहायला दोन वर्षं लागली.

मी हिंगोली जिल्ह्यात, हट्ट्याजवळच्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. पाचव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं. आठ दिवस सगळे हळहळले, मग जो तो कामाला लागला. मिस्टर हळद काढायला शेतात. कुणीतरी जवळ बसावं, विचारावं, असं रोज वाटायचं... कुणी विचारलं नाही.

एका दुपारी तीनच्या सुमारास अंगणवाडीतून परत येताना मी कॅनॉलजवळ थांबले. साडीची पिन काढून मानेवर तीन ओरखडे ओढले, पिन पाण्यात टाकली. घरी सांगितलं – एका माणसानं गळ्यातली पोत ओढली, मी झटापट केली, तो पळाला.

त्या संध्याकाळी घर भरलं. जाऊबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं. मिस्टर दोन दिवस शेतात गेले नाहीत. लोक विचारत गेले, मी सांगत गेले. डावी भुवई मधोमध तुटलेली, उजव्या कानाची पाळी फाटलेली, राखाडी मफलर – सगळं मनातलं. शेवटी मिस्टरांनी मला फिर्याद द्यायला नेलं.

चार दिवसांनी ठाण्यातून बोलावणं आलं – वर्णनावरून एकाला धरलंय, ओळखायला या. बाकावर एक माणूस बसला होता. तुटलेली भुवई. फाटलेली पाळी. मांडीवर राखाडी मफलर. डोंगरकडा गावाकडून आलेला मजूर. जन्मात कधी पाहिला नव्हता.

त्यानं मान वर केली. शांतपणे म्हणाला, "बाई, पिन पाण्यात काहून फेकली?"

"हाच तो" म्हटलं असतं तर माझं खोटं झाकलं जाणार होतं, आणि तो आत जाणार होता. मिस्टर शेजारी उभे होते. ठरवलं – आता काहीही होवो.

"साहेब, हा न्हाई. कोणीच नव्हतं. मी खोटं बोलले."

तसा जबाब सही करून दिला. पुढं कारवाई झाली, ती निमूटपणे भोगली.

त्याला सोडल्यावर बाहेर गाठून मी हात जोडले, पिनेचं विचारलं. तो गोंधळला. म्हणाला, "मी तं काईच बोललो न्हाई, बाई. भेव लागून राहिलं होतं." आत ठाण्यात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या महिला पोलीसही तेच म्हणाल्या. मिस्टरांनीही काही ऐकलं नव्हतं.

परतताना मिस्टरांनी मधेच गाडी थांबवली. मग विचारलं, "लेकराची लई आठवण येते का?" तेव्हा कुठं मी रडले.

हिंगोलीच्या समुपदेशक बाई म्हणाल्या, तो आवाज तुमच्याच मनाचा. मला पटलं. मी विचारलं, मग भुवई, कान, मफलर? त्यावर त्यांनी पुढच्या भेटीची तारीख लिहून दिली.

गावात काही जणी मला पाहून अजून कुजबुजतात. कुजबुजू देत. मी घडलं तेवढंच सांगते, एक शब्द वाढवत नाही. पण ज्याला कधी पाहिलंच नव्हतं, तो माणूस माझ्या तोंडून आधी कसा आला... ते मला आजही सांगता येत नाही.