टेकडीखालचा अर्धा वडा

माघातल्या एका मंगळवारी माझी पत्नी सुमन गेली.

आज टेकडी उतरल्यावर वड्याच्या गाडीपाशी एक बाई मनगटावरचं घड्याळ नवऱ्याला दाखवत होती. “बघा, दोनशे कॅलरी जळल्या. आता एक वडा चालेल.”

“मग चढलो कशाला?” तो म्हणाला.

मीही सुमनला हेच विचारायचो. डॉक्टरांनी मला वजन उतरवायला सांगितलं होतं. वडेवाल्यानं केलेल्या दोन तुकड्यांतला मोठा ती स्वतः घ्यायची आणि म्हणायची, “अहो, उपाशी राहायला नाही चढलो. खा मुकाट्यानं.” चालणं वजनासाठी होतं की त्या अर्ध्या वड्यासाठी, याचा मी तेव्हा विचार केला नाही.

वडेवाला अजूनही न विचारता वड्याचे दोन तुकडे करून देतो. माझं वजन उतरलं आहे. मी लहान तुकडा खातो. मोठा कागदावर उरतो.