पातळ की जाड

मिस्त्रींनी चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या, पण त्या हिवाळ्यात स्वतःच्या गाडीत कुठलं ऑइल घालावं हे त्यांना काही केल्या ठरवता येईना.

बायकोची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा, सकाळी सातला, डोंगर उतरून तिला डायलिसिसला न्यायचं. सोबतीला अंगणातली बावीस वर्षांची गाडी. बर्फ पडू लागलं तसं इंजिनातलं जाड ऑइल थिजायचं, स्टार्टर दोनदा कण्हून गप्प बसायचा. मग मिस्त्री घमेल्यात निखारे घेऊन ते इंजिनाखाली सरकवत आणि फुंकत बसत.

"मिस्त्री, थंडीतलं पातळ घाला," ऑइलचा दुकानदार म्हणाला. "किल्ली फिरवली की गाडी चालू."

"अरे, पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. पातळ घातलं तर घटाघट पिऊन टाकेल."

"मग जाडच राहू द्या."

"आणि सकाळी सुरू कोण करणार, तुझा बाप?"

शेवटी पातळच घातलं. दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. बायको शालीतून म्हणाली, "चला, घरात कुणीतरी तुमचं ऐकतंय." मिस्त्री कित्येक दिवसांनी हसले.

आठवडाभर बरं गेलं. मग परतीच्या चढावर ऑइलचा लाल दिवा लागला. ऑइल मोजायची पट्टी काढून पाहिली तर टोकालासुद्धा थेंब नव्हता. तेव्हापासून मिस्त्री डबा घेऊनच निघत, वाटेत थांबून ऑइल ओतत. अर्धं पातळ, अर्धं जाड असंही करून पाहिलं. एके दिवशी इंजिनातून खडखड येऊ लागली. तिचा अर्थ, इंजिन आता जाणार, त्यांनी शेकडो गिऱ्हाइकांना सांगितला होता. बायकोला मात्र म्हणाले, "काही नाही, गार पडलंय."

दोन दिवसांनी पुलाजवळ इंजिन जाम झालं. दूधवाल्याच्या टेम्पोतून पोचेपर्यंत दहा वाजले. मशीनवर दुसरा पेशंट होता.

"आज जागा होणार नाही, काका," नर्स म्हणाली. "उद्या आणा."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, आता पुरे."

"दूधवाल्याशी बोललोय मी. दर वेळी नेईल तो."

"दूधवाल्याचं नाही म्हणत मी."

मिस्त्रींनी समजावलं, चिडले, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. तिने ऐकलं नाही, पुन्हा डायलिसिसला गेली नाही. बाराव्या दिवशी, दुपारी, ती गेली.

दुकानदार भेटायला आला. टोपी चुरगळत म्हणाला, "मिस्त्री, मी त्या दिवशी पातळ घाला म्हटलं नसतं, जाडच राहिलं असतं, तर..."

"तर गाडी अंगणातूनच निघाली नसती," मिस्त्री म्हणाले. "तुझं काही चुकलं नाही."

आपलं कुठे चुकलं हे मात्र त्यांना सापडत नव्हतं. ते सापडलं असतं, तर निदान धरून बसायला काहीतरी मिळालं असतं.