पत्र सोमवारी, वाट आज

नांद्याच्या शिवेवरील जुन्या गाडीवाटेवर एका बिल्डरने फाटक लावून रखवालदार बसवला, त्याविरुद्ध तहसीलदारांना मी संतापाने चौथे पत्र लिहीत होतो. आधीच्या तीन पत्रांची पोचदेखील आलेली नव्हती. इतक्यात खिडकीतून ओल्या लोकरीचा वास आला. वाट अडल्यामुळे खाली मेंढरे खोळंबली होती. त्या वासासरशी मी इंग्लंडमधील एका रविवारी जाऊन पोहोचलो.

तेव्हा मी तिथे कायद्याचा विद्यार्थी होतो. माझ्या सत्तरीच्या घरमालकीणबाई दर रविवारी मला शेतांमधून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटेने फिरायला नेत. चालणारे थांबले की वाटेवरचा हक्कही विसरला जातो, असे त्यांचे म्हणणे. त्या दिवशी फाटकाला साखळी होती. पलीकडे पावसात भिजलेल्या मेंढ्या आणि हाताची घडी घालून उभा असलेला शेतमालक. परक्या देशात परवान्यावर राहणारा मी घाबरून म्हणालो, "बाई, आपण रीतसर पत्र लिहू."

"पत्र सोमवारी लिही," स्कर्ट सावरून फाटकावर चढत त्या म्हणाल्या. "आज चालायचं."

मी फाटकाच्या अलीकडेच उभा राहिलो. पुढे कितीतरी वर्षे त्यांचे ते वागणे मला निव्वळ आततायीपणा वाटत आले.

"आण्णा, तुमचं लिवणं व्हईस्तवर मेंढरं उपाशी मरतील की!" मेंढरांची मालकीण ठकूबाई खालून ओरडली. "कुटनं न्यायची, ते सांगा!"

मी पत्रावर सही केली, पेनाला टोपण लावले आणि काठी घेतली.

"वाट आहे तिथूनच," मी म्हणालो. "चला, मी पुढे होतो."