ओढून घेतलेला हात

मी चौथी शिकलेला माणूस. उभी हयात रेल्वेच्या गँगमध्ये रूळ उचलण्यात गेली. तेव्हा ज्याला शुद्ध-अशुद्ध बघायचं असेल त्यानं हे वाचू नये.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. बायको गेली आणि मुलानं मला इकडं अमेरिकेत, पार्सिपनीला आणलं. तो कंप्युटरच्या नोकरीत, सून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. सकाळी दोघं गाडीनं निघाले की संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडातून शब्द निघायचा नाही. फोन वाजला तरी उचलत नव्हतो. पलीकडून इंग्रजी आलं तर काय घ्या!

इमारतीसमोर एक बाक होता. तिथं दुपारी फिलिपिन्सचा एक म्हातारा येऊन बसायचा. बुटका, दात पडलेला. त्याची मुलगी सुनेच्याच हॉस्पिटलात नर्स. आमचं चार शब्दांवर भागायचं. डबा उघडला की आधी माझ्यापुढं धरायचा, "ईट, ईट." समोरच्याला विचारल्याशिवाय त्याला घासच उतरायचा नाही. माझ्या माकडटोपीवर त्याचा फार डोळा. बोट दाखवून म्हणायचा, "मंकी! गिव्ह मी!" मी म्हणायचो, "नो. माय मंकी." एवढीच मस्करी, रोजची. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

मुलीबद्दल सांगताना त्याची छाती फुगायची. बाकीचं सुनेकडून कळलं. तिच्या शिक्षणासाठी एका काकानं म्हैस विकली होती, कुणा मावशीनं युनिफॉर्म शिवून दिले होते. म्हणून ती अजून गावाकडं खोके पाठवायची. साबण, डब्यातलं मांस, बूट. सून मला म्हणाली, "बाबा, त्यांच्यात असे उपकार फेडून संपवायचे नसतात. जन्मभर मानायचे असतात."

एक दिवस ती मुलगी ड्यूटीवरून येताना बाकापाशी थांबली. बापाचा हात उचलून तिनं स्वतःच्या कपाळाला टेकवला. मग माझ्याकडं वळली, माझा हात धरला आणि वाकली.

मी हात हिसका देऊन ओढून घेतला. "नो! नो!" केवढ्यानं ओरडलो असेन. समोरून जाणारी दोन माणसं थांबून बघायला लागली. मुलगी लाल झाली आणि हसली. म्हातारा पण हसला. "सॉरी, अंकल," म्हणाली, आणि दोघं आत गेले.

दुसऱ्या दिवशी म्हातारा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा मी सुनेला सांगितलं.

"हात ओढून घेतलात? अहो बाबा! तो त्यांचा नमस्कार असतो. तिनं तुम्हाला बापाचा मान दिला."

"पण ती हसली की."

"लाज वाटली की हसतात ते. लोकांसमोर मान खाली गेली तर भांडत नाहीत, हसतात आणि दूर होतात. जाऊन भेटा त्यांना."

"मी का जाऊ? मी काय चोरी केली?"

मुलगा पेपरामागून म्हणाला, "बाबा, यू आर इम्पॉसिबल."

"काय म्हणाला?" मी सुनेला विचारलं.

"काही नाही."

आता माझी बाजू सांगतो. माझा बाप गावात वाकून वाकून म्हातारा झाला. पाटलाच्या घरचं शेंबडं पोर समोर आलं तरी हा जमिनीला हात लावायचा. दीक्षा घेतली त्या दिवशी मी ठरवलं, मी कुणापुढं वाकणार नाही आणि माझ्यापुढं कुणाला वाकू देणार नाही. पोटच्या मुलाला त्याच्या लग्नातसुद्धा पाया पडू दिलं नाही. ते मी आजही चूक म्हणणार नाही. पण मला वाकायला शिकवलं होतं काठीनं आणि तिला शिकवलं होतं मायेनं. हा फरक माझ्या डोक्यात शिरायला अकरा दिवस लागले. अकरा दिवस मी बाकावर बसलो, इमारतीकडं पाठ करून. त्याला यायचं तर तो येईल, म्हटलं.

बाराव्या दिवशी उठलो आणि जिना चढून त्यांचं दार वाजवलं. तिनंच उघडलं. मी म्हटलं, "फादर?"

"गेले, अंकल. सोमवारी गेले, गावी. तिकीट आधीच काढलेलं होतं." मग तिनं खिडकी दाखवली आणि मला कळावं म्हणून खुणा करत सावकाश सांगितलं. "रोज इथं उभे राहायचे. म्हणायचे, आज तो वर येईल."

खिडकीखाली तो बाक होता. जाईपर्यंत रोज त्याला माझी पाठ आणि टोपी दिसली असणार. मी एकदासुद्धा मान वळवून वर बघितलं नाही.

ती या वेळी हसत नव्हती. मग मी हात पुढं केला, पालथा. गावात या हातचं पाणी कुणी घेतलं नव्हतं. तिनं तो दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला. कपाळ गरम होतं. बायको गेल्यापासून मला असं कुणी धरलं नव्हतं. आशीर्वाद द्यायची मला सवय नाही. मराठीतच म्हणालो, "सुखी राहा, बाई."

टेबलावर अर्धा भरलेला खोका होता. ती म्हणाली, "त्यांच्यासाठीच आहे. झाकण दाबून धरता? मला एकटीला जमत नाही."

ती चिकटपट्टी लावायला वाकली, तसं मी म्हटलं, "वेट." टोपी काढली आणि साबणांवर ठेवली. त्याच्या गावात थंडी पडत नाही हे मला ठाऊक होतं. तरी ठेवली, आणि झाकण दाबून धरलं.