वंदाताईंचे कच्चे फोटो

वंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी साखरखेर्ड्याच्या बाजारात मेथीच्या जुड्या उलटसुलट करून पाहत होते. त्यांचा मुलगा पंकज एवढंच म्हणाला, "मामी, आई गेली..." पुढे मी त्याच्याशी काय बोलले ते आठवत नाही. मेथीची जुडी हातात धरूनच बुलढाण्याच्या गाडीत चढले, एवढं मात्र आठवतं. आज सव्वा महिना होऊन गेला. आता कुठे हात लिहायला तयार झालाय.

त्या माझ्या थोरल्या नणंद. नणंद-भावजयीत जेवढं कुरबुरायचं असतं तेवढं आम्हीही कुरबुरलो. माझा चहा त्यांना पाणचट लागायचा आणि त्यांचा मला काढा. बुलढाण्यात बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लोक आत येऊन "फोटोग्राफर कुठं हायेत?" असं भाऊजींना विचारायचे. भाऊजी कोर्टात नोकरीला. कॅमेऱ्याशी त्यांचा संबंध समोर उभं राहण्यापुरता. ते बायकोकडे बोट दाखवून पेपर वाचत बसायचे. रिळाचा जमाना सरला तेव्हा गल्लीतल्या दोघा-तिघांनी धंदा गुंडाळला. वंदाताईंनी उलट संगणकाचा क्लास लावला, आणि चाळिशीच्या बाईनं कॉलेजच्या पोरापोरींत बसून माउस धरायला शिकून घेतला.

त्या शिकवायच्याही झकास. एकदा मी विचारलं, या डिजिटल कॅमेऱ्यात रीळ नाही, मग फोटो उमटतो कशावर? हातातलं लसूण सोलणं न थांबवता त्या म्हणाल्या, "सेन्सरवर वं. त्याच्यावर बारीक बारीक खाने असतात. एक खाना लाल उजेड मोजते, शेजारचा हिरवा, त्याच्या बाजूचा निळा. बाकीचे रंग सॉफ्टवेअर शेजारपाजारच्याले इचारून ठरवते."

"म्हणजे आपल्या गल्लीसारखंच!" मी म्हटलं.

"हाव ना. म्हनून तं कधीमधी चुकते."

त्यामुळे सेन्सरनं जे मोजलं ते जसंच्या तसं, कसलीही सफाई न करता, त्या जपून ठेवत. त्याला त्या 'कच्चा फोटो' म्हणायच्या. गिऱ्हाइकाला गुळगुळीत फोटो देऊन झाला तरी कच्चा पुसायचा नाही. हार्ड डिस्कांनी कपाट भरलं, तांदळाचा डबा पलंगाखाली गेला, भाऊजी करवादले. पण ताई बधल्या नाहीत.

माझी आई सोनाळ्याची. डोळे दाखवायला बुलढाण्याला आली होती, तेव्हा ताईंनी तिला स्टुडिओत बसवलं. मी शाळेतून आलेला फोन घ्यायला बाहेर गेले आणि बोलतच राहिले. परत आले तर दोघी कशावरून तरी खुदुखुदु हसत होत्या. मी विचारलं तर आई म्हणाली, "तुले काय कराचं?" त्यानंतर वर्षभरातच आई गेली. आयुष्यभर तिनं कॅमेरा दिसला की पदर तोंडावर ओढलेला. धड असा तो एकच फोटो.

भावानं तो मोठा करून मागितला, तेव्हा नेमकी लग्नसराई होती. ताईंनी नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. ते शेकडो चेहरे एकदम स्वच्छ करून द्यायचं. नवऱ्या-नवरदेवांच्या ढिगात आईचाही फोटो गेला, फ्रेम होऊन सोनाळ्याला पोचला. संध्याकाळी गल्लीतल्या म्हाताऱ्या पाहायला आल्या. आईची मैत्रीण शेवंतामावशी कितीतरी वेळ फोटोसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हे कोन बाई व्हय? हे आपली सखू नोय."

आईच्या हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले होते, कपाळावर एक बारीक फूल. त्या मशीनला ते डाग वाटले. त्यानं ते पुसले, वरून सुरकुत्याही पुसल्या. भाऊ फोनवर मला म्हणाला, "तुह्या नणंदेनं माही माय मिटवली." मला रडू फुटलं. एकच तर फोटो होता, आणि तोही आईचा राहिला नव्हता.

मी ताईंना भीतभीत सांगितलं. वाटलं, कामाच्या गर्दीचं सांगतील, सॉफ्टवेअरला बोल लावतील. त्यांनी लगेच कच्चा फोटो उघडला आणि स्वतः बसून हातानं त्याचे रंग लावले. मग ऐन लग्नसराईत स्टुडिओला कुलूप घालून, गाड्या बदलत, नवी फ्रेम मांडीवर धरून त्या सोनाळ्याला आल्या. घर बायकांनी भरलेलं होतं. ताई सगळ्यांसमोर भावाला म्हणाल्या, "मशीनची चूक नोय दादा, माही हाये. मशीनले काय समजते, गोंदन कोनतं अन् डाग कोनता? मले तं समजत होतं ना. म्या पाह्यलं नाही." आणि स्टुलावर चढून जुना फोटो काढून नवा लावला. शेवंतामावशीनं काचेवरून त्या तीन ठिपक्यांवर बोट फिरवलं. "आता आली पाह्य घरी," म्हणाली. मी वंदाताईंच्या गळ्यात पडून रडले ते तेव्हा, आणि त्यानंतर त्या गेल्या त्या दिवशी, त्यांच्या पायाशी.

तेव्हापासून त्यांनी एक नेम धरला. समोर कुणीही बसो, कॅमेरा उचलण्याआधी विचारायच्या, "तोंडावरचं काय काय राहू देऊ?" पोरी लाजायच्या, पोरं चिडायची. कुणी तीळ सांगायचं, कुणी बैलानं मारलेल्या शिंगाची खूण. "थोडं गोरं करा," म्हणणाऱ्यांना उत्तर ठरलेलं होतं, "करतो ना, पन मायनं वळखलं पाह्यजे."

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी सगळे जमतात त्या दिवशी, त्यांचाच फोटो लावायची वेळ आली, तर सापडेना. जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे राहिलेली बाई. शेवटी पंकजच्या मोबाईलवरचा एक मोठा करून लावला. त्यात त्या विशीतल्या दिसत होत्या. कॅमेऱ्याला एक डोळा लावताना डावा मिटून मिटून त्या बाजूला पडलेलं सुरकुत्यांचं जाळं मोबाईलनं आपल्या मनानंच साफ केलं होतं. बुद्धवंदना झाली, भाषणं झाली. मी त्या फोटोकडे पाहून हात जोडले खरे, पण मन लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी पंकजला म्हटलं, माझ्या आईचे सगळे कच्चे फोटो एकदा दाखव. आईला पाहावंसं वाटत होतं, एवढंच. त्यानं कपाटातून डिस्क काढली. एकेक फोटो पुढे सरकला. आई ताठ बसलेली, आई पदर नीट करताना, आईचे डोळे मिटलेले... आणि त्यानंतरचा फोटो आईचा नव्हता. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर वंदाताई बसल्या होत्या. फोटो तिरपा, अंधारलेला, आणि एका कोपऱ्यात आईच्या हिरव्या लुगड्याचा धूसर पदर. त्या खोलीत तेव्हा दोघीच होत्या. माझ्या आईनं जन्मात एकदाच कॅमेरा हातात धरला, आणि काढला तो वंदाताईंचा फोटो. ताई तोंड उघडं टाकून हसत होत्या, डाव्या डोळ्याजवळचं जाळं सगळंच्या सगळं फुललं होतं.

सवयीनं पंकजचा हात माउसकडे गेला. अंधार थोडा कमी करावा, तिरपं सरळ करावं, असं त्याला वाटलं असणार. तो थांबला.

"मामी," तो म्हणाला, "हे अशीच लावतो."